पावसाळ्यात मातीच्या दरडी खरवडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये मोसमी पावसाबरोबर तिबोटी खंड्या कोकणात विणीसाठी येतो. चोचीसकट जेमतेम पाच इंचांचा, पोटाकडून पिवळा, पाठीवर जांभळट-निळा, लाल चोचीचा हा पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी आहे. दाट सावलीतल्या पऱ्यांच्या, म्हणजे लहान ओढ्यांच्या, कडेने तो राहतो आणि पिल्लांना मासळीपेक्षा सापसुरळ्या, पाली, लहान बेडूक, खेकडे आणि नाकतोडेच जास्त भरवतो. झाडी आणि पाणी असून भागत नाही, त्याला उभी, मऊ मातीची दरड लागते. नर-मादी मिळून तिच्यात आडवे बीळ कोरतात. ते कधी कधी मीटरभर आत जाते.

रस्त्यासाठी डोंगर कापल्यावर अशीच दरड उरते, म्हणून पुष्कळ बिळे रस्त्याकडेलाच सापडतात. पाऊस पडून माती मऊ झाल्यावर कोरणे सुरू होते. अंडी बहुधा चार-पाच. ती उबायला साधारण सतरा दिवस आणि पिल्ले उडायला आणखी वीस दिवस लागतात. पहिली वीण बुडाली तर जोडी पुन्हा अंडी घालते, त्यामुळे सप्टेंबर संपेपर्यंत बिळात पिल्ले असू शकतात. नेमक्या याच महिन्यांत गटारे उपसायला जेसीबी येतो. त्याच्या बकेटने दरडीचा पाया खरवडला की वरची माती बिळासकट खाली बसते. उपसलेला गाळ दरडीलाच लावून ठेवला तर खालच्या बिळांची तोंडे बुजतात आणि पिल्ले आत गुदमरतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हे शिकारीतच धरले आहे, हे रस्त्याची कामे काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दरड रस्त्यावर येण्याचा धोका असेल तिथे संरक्षक भिंत हवीच. माणसांचा जीव आधी. पण पऱ्याजवळच्या पुरुषभर उंचीच्या, पक्क्या उभ्या राहिलेल्या दरडीला सिमेंट कशाला? गटारे आणि साइडपट्ट्यांची कामे डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरकता येतात. जूननंतर गटार तुंबलेच तर मजुरांकडून फावड्याने काढून घ्यावे आणि गाळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला टाकावा.

छायाचित्रकारांनाही विनंती आहे. चोचीत सापसुरळी धरून खंड्या फांदीवर डोके वरखाली करत बसला असेल आणि बिळात जात नसेल, तर तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. तो बिळात जाईपर्यंत मागे सरका. चित्र स्वच्छ यावे म्हणून बिळापुढच्या फांद्या तोडल्या, की तेच तोंड साप आणि मुंगसालाही दिसू लागते. आवाजाची ध्वनिफीत वाजवणे आणि फ्लॅश मारणे तर पूर्ण बंद हवे.

हे पक्षी रात्री प्रवास करतात. जूनच्या सुरुवातीला मुंबई-ठाणे-पनवेलकडे ते इमारतींच्या काचांवर आपटून पडलेले सापडतात. असा पक्षी दिसला तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून त्यावर ठेवावा, खोके अंधाऱ्या, शांत जागी असावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तास-दोन तासांत तो सावरला तर दिवसाउजेडी जवळच्या झाडीत सोडावा; पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

– एक पक्षिनिरीक्षक वाचक, पनवेल