कप्तान, तुमचे आभार मानायचे राहिले होते

श्री. केव्हिन सिनफिल्ड यांस,
सप्रेम नमस्कार.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते, माहेर सांगली जिल्ह्यातल्या तासगावचं. आपली ओळख नाही. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण ज्यांच्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत ते माझे बाबा मराठी शाळेचे मास्तर होते, आणि तुमच्याबद्दल आमच्या घरात जे काही बोललं गेलं ते सगळं मराठीतच.

बाबांनी ३४ वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना बाराखडी शिकवली. त्याआधी आणि त्याच्या जोडीने ते कबड्डी खेळले. उजवा कोपरा. शेजारी त्यांच्या हातात हात घालून, साखळी धरून उभे राहायचे ते आमचे काका. नात्याचे नव्हेत, पण घरचेच. मी लीड्समध्ये तुमच्या हेडिंग्ली मैदानाजवळ राहायला आले आणि फोनवर रग्बी लीगचं वर्णन करू लागले, तेव्हा बाबांना हा खेळ लगेच आपला वाटला. तेरा-तेरा खेळाडू, सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्याला. शनिवारी सामना खेळला तर खाणकामगारांचा आणि गिरणीकामगारांचा पगार बुडायचा, त्याची भरपाई मिळेना, म्हणून १८९५ साली हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी मूळ रग्बी संघटनेपासून वेगळी चूल मांडली, हे सांगितल्यावर तर ते म्हणाले, "मग हे आपल्यातलेच की गं."

तुमची कारकीर्द त्यांना तोंडपाठ होती. ओल्डहॅमचा मुलगा, सोळाव्या वर्षी लीड्स ऱ्हायनोज या रग्बी लीग क्लबाकडून पहिला सामना, २००३ पासून कर्णधार. त्या एका क्लबासाठी ५२१ सामने आणि ३,९६७ गुण. कर्णधार म्हणून सात वेळा सुपर लीगचं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचं, विजेतेपद. पण बाबांना त्याहून जास्त ओढ होती ती चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या गोष्टीची. २००३ ते २०१२ या काळात तुम्ही संघ घेऊन पाच वेळा अंतिम सामन्यात गेलात आणि पाचही वेळा हरलात. २००३ मध्ये कार्डिफला तर शेवटाला दोन गुणांनी मागे असताना पेनल्टी मिळाली. लाथ मारून बरोबरी साधता आली असती, तुम्ही हातात चेंडू घेऊन जायचं ठरवलं आणि सामना गेला. कप हाती आला तो २०१४ साली. बाबा म्हणायचे, पाच वेळा हरूनही ज्याला त्याचे लोक कप्तान म्हणतात, तोच खरा कप्तान. तेव्हापासून आमच्या घरात तुमचं नावच कप्तान.

२०२२ च्या सुरुवातीला बाबांची जीभ जड होऊ लागली. आधी दातांचं काहीतरी असेल म्हटलं, मग मानेचं. निदानाला अकरा महिने गेले. मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच मरत जातात. हात जातो, बोलणं जातं, गिळणं जातं, आणि आत माणूस बहुतेकदा तसाच लख्ख जागा असतो. हा आजार मला माहीत होता तो लीड्स संघातल्या तुमच्या जोडीदारामुळे, रॉब बरो यांच्यामुळे. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना हे निदान झालं, आणि पुढच्या डिसेंबरात तुम्ही सात दिवसांत सात मॅरेथॉन धावलात. रॉब यांच्या ७ नंबरच्या जर्सीसाठी ७७,७७७ पौंडांचं लक्ष्य ठेवलं होतं, जमले वीस लाखांहून जास्त. २०२१ मध्ये लेस्टरहून लीड्सपर्यंत १०१ मैल, २४ तासांत. २०२२ मध्ये एडिंबराहून मँचेस्टर.

त्या पैशांचं मोल मी जाणते. पण मला आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे.

बाबांचं बोलणं बंद झालं आणि घरी येणारी माणसं कमी झाली. वाईट कोणी नव्हतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी बोलायचं काय, हेच कळत नव्हतं. आले तर आईशी बोलायचे, बाबांसमोर बसून बाबांबद्दल. काकांनी तर पाच महिने पायरी चढली नव्हती.

१४ मे २०२३, लीड्सची मॅरेथॉन. तुम्ही रॉब यांची चाकांची खुर्ची ढकलत गेलात तेव्हा मी हेडिंग्लीच्या रस्त्याकडेला उभी होते. शेवट मात्र घरी येऊन फोनवर पाहिला. रेषेच्या अलीकडे तुम्ही थांबलात, वाकलात, त्यांना खुर्चीतून उचलून छातीशी धरलंत आणि दोघांनी मिळून रेषा ओलांडली. ती चित्रफीत मी तासगावला पाठवली.

आईने बाबांसाठी वहीच्या पुठ्ठ्यावर अक्षरांच्या ओळी लिहिल्या होत्या. तिने ओळीवर बोट ठेवायचं, बरोबर असेल तर बाबांनी पापणी मिटायची, नाही म्हणायचं तर डोळे गच्च मिटून घ्यायचे. मग अक्षर, मग काना-मात्रा. रॉब यांच्याकडे डोळ्यांनी चालणारं यंत्र होतं, आमच्याकडे हा पुठ्ठा. त्या संध्याकाळी चित्रफीत पाहून बाबांनी सांगितलं: प, क, ड. ते खुर्चीतून घसरतायत असं वाटून आईने धावत त्यांना दोन्ही हातांनी धरलं. बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले, म्हणजे नाही. ती पुन्हा पुठ्ठ्याकडे वळली. पाच-सात मिनिटं लागली असतील.

"पकड चांगली."

उजव्या कोपऱ्याने तुम्हाला दिलेली दाद होती ती. आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी किती वेळ रडलो, देव जाणे.

मी तीच चित्रफीत काकांना पाठवली, खाली बाबांचे ते दोन शब्द लिहून. दुसरं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका दारात. बाबांच्या काखेत हात घालून त्यांना पलंगावरून उचललं आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं. पहिल्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते म्हणे. मग रोज आले, आठ महिने. जुने सामने आठवून भांडायचे बाबांशी, आणि पुठ्ठा घेऊन उत्तराची वाटही बघायचे.

बाबा जानेवारी २०२४ मध्ये गेले. २ जूनला रॉब गेले. दुसऱ्याच दिवशी, ३ जूनला, लीड्समधल्या सीक्रॉफ्टला त्यांच्या नावाच्या एमएनडी केंद्राचं बांधकाम सुरू झालं. त्या आठवड्यात मी हेडिंग्लीला फुलं ठेवून आले, एक रॉब यांच्यासाठी आणि एक बाबांसाठी.

काका अजूनही दर गुरुवारी आईकडे चहाला येतात. तुम्हाला पत्र लिहितेय म्हटल्यावर त्यांनी निरोप दिलाय: कप्तानांना म्हणावं, तासगावला या, जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची कृतज्ञ,
तासगावच्या मास्तरांची लेक