सौर पॅनेलवरील ‘नॅनो’ लेपाची परीक्षा मराठवाड्याच्या धुळीत व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून रब्बीची पेरणी सुरू झाली, की आमच्या अंबड तालुक्यात सौर कृषी पंप बसविलेल्या शेतकऱ्यांकडे ‘नॅनो कोटिंग’ची बाटली घेऊन विक्रेते फिरू लागतात. एकदा लेप लावला की पॅनेल पुसण्याची कटकट कायमची मिटेल, असे ते सांगतात. काचेच्या तुकड्याला लेप लावून त्यावर तांब्याभर पाणी ओततात, थेंब गोल होऊन घरंगळतात आणि पाहणाऱ्याची खात्री पटते. आयुष्य रसायनशास्त्र शिकविण्यात गेल्यामुळे ‘सर, घ्यावे का?’ असे मंडळी मला विचारतात. उत्तर जरा लांब आहे आणि ते एका तालुक्यापुरते नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

अळवावरचे पाणी का टिकत नाही, याचा उलगडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे झाला. जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की कमळासारख्या पानांवर काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीचे उंचवटे असतात, त्यांवर मेणाची नॅनोमीटर (मायक्रोमीटरचाही हजारावा भाग) मापाची लव असते आणि या दुहेरी खडबडीतपणामुळे थेंब पानाला जेमतेम टेकतो. त्याच्या खाली बहुतांशी हवाच असते. मग तो घरंगळताना धूळही सोबत नेतो. थेंबाची कड पृष्ठाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात आणि तो १५० अंशांपुढे गेला, तर पृष्ठ अतिजलविरोधी मानले जाते. येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. गुळगुळीत काचेवर फ्लोरिनयुक्त रसायनांपैकी सर्वांत प्रभावी रसायन लावले, तरी हा कोन सुमारे १२० अंशांवर अडतो. पुढची मजल पृष्ठाच्या सूक्ष्म घडणीशिवाय गाठता येत नाही.

ही घडण करण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांतील काही आपल्याला वाटते तितक्या दूरच्या नाहीत. अ‍ॅनोडायझिंगमध्ये गंधकाम्लाच्या टाकीत विद्युतप्रवाह सोडला, की अ‍ॅल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर चढतो, त्यात काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर रुंदीची असंख्य छिद्रे असतात. सिलिकॉनवर प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) किंवा रसायनाने सूक्ष्म सुळके कोरले, तर ते इतका प्रकाश गिळते, की काळे दिसू लागते. सौर पॅनेलच्या काचेवर सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावणापासून जेल बनवून, सिलिकाचा सच्छिद्र, शंभर-सव्वाशे नॅनोमीटर जाडीचा थर कारखान्यातच चढवितात. साध्या काचेच्या एका बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, तो या थरामुळे बराच कमी होतो.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज जमेल, असाही एक प्रयोग आहे. अ‍ॅल्युमिनियमची स्वच्छ पट्टी उकळत्या शुद्ध पाण्यात काही मिनिटे ठेवली, की तिची चकाकी मंदावते, कारण तिच्यावर बोहमाइट या संयुगाच्या नॅनोमीटर जाडीच्या पाकळ्या उगवतात. या स्थितीत तिच्यावर पाणी सपाट पसरते. हीच पट्टी अल्कोहोलमधील स्टिअरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून वाळविली, की पाण्याचा थेंब तिच्यावर ठरत नाही. विद्यार्थ्यांचे डोळे विस्फारतात. मग पट्टीच्या मध्यावर अंगठा जोराने चार वेळा घासायला सांगावे आणि पुन्हा पाणी टाकावे. घासलेल्या पट्ट्यात थेंब चिकटून बसतात, बाजूचे मात्र निसटून जातात. पाकळ्या मोडल्या, की गुणही गेला. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात नेमका हाच भाग नसतो.

आता मराठवाड्याचा विचार करू. येथील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्या काळात साधी काचही बरीचशी धुऊन निघते. अडचण ऑक्टोबरपासून मेपर्यंतची आहे. जलविरोधी पृष्ठाला स्वच्छ होण्यासाठी घरंगळणारा थेंब लागतो. थेंबच नसेल, तर नांगरटीची, मळणीची आणि कच्च्या रस्त्याची धूळ तेथेच बसून राहते. हिवाळ्यातील दव उपयोगी पडेल, असे कोणी म्हणेल, पण दव आणि पाऊस यांत फरक आहे. पावसाचा थेंब वरून पडतो, तर दव खडबडीत पृष्ठाच्या खाचांमध्येच जन्म घेते, तेथील हवा हुसकावते आणि तेच पृष्ठ पाणी धरून ठेवू लागते. ओली धूळ उन्हाने वाळून काचेवर घट्ट बसते. त्यावर बोअरचे जड पाणी मारले, की क्षारांचा पांढरा थर उरतो आणि तो काढायला कोणी घासणी घेतो, तर कोणी फरशीचे अ‍ॅसिड! यात लेप टिकणे तर कठीणच, मूळ काचेवरचा परावर्तनरोधक, म्हणजे वर सांगितलेला सिलिकाचा सच्छिद्र थरही जातो. त्या थराची छिद्रे वरून ओतलेल्या द्रवाने बुजली, तर काचेतून जाणारा प्रकाश वाढण्याऐवजी घटू शकतो, हेही बाटलीवर कोणी छापत नाही.

याच्या नेमकी उलट युक्तीही आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिपातळ थराची, आपोआप साफ होणारी खिडकीची काच पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने २००१ च्या सुमारास बाजारात आणली. तीवर पाणी पसरून पडद्यासारखे वाहते आणि उन्हातील अतिनील किरणांमुळे सेंद्रिय मळ सुटतो. तिलाही पाऊस लागतोच आणि आपली धूळ बहुतांशी मातीची असल्याने तिच्यावर ऊन काही करीत नाही.

सगळेच लेप फसवे आहेत, असे मला म्हणायचे नाही. चांगला, कठीण, घासणे सोसणारा लेप धूळ कमी चिकटू देत असेल आणि धुण्याच्या दोन खेपांतील अंतर वाढवीत असेल, तर आठ कोरड्या महिन्यांच्या आपल्या प्रदेशात त्याचे मोल आहे. प्रश्न पुराव्याचा आहे. सौर पंपासाठी सर्वसाधारण गटातील शेतकरी १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकरी ५ टक्के हिस्सा भरतो, उर्वरित भार सरकार उचलते. म्हणजे पॅनेलवर पैसा जनतेचाही आहे. तेव्हा परभणीचे कृषी विद्यापीठ, जालन्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आणि महावितरण यांनी मिळून साधी चाचणी घ्यावी: एकाच छपरावर सारखीच दोन पॅनेल, एकाला लेप, दुसऱ्याला नाही, दोघांना तेच बोअरचे पाणी आणि तेच फडके, आणि ऑक्टोबर ते मे रोजच्या विजेची नोंद. लेपाचा स्पर्शकोन सुरुवातीला आणि शेवटी मोजावा. त्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही, चांगला कॅमेरा, पिचकारी आणि मोफत संगणकप्रणाली यांवर भागते. निष्कर्ष उत्पादनाच्या नावासह मराठीत प्रसिद्ध करावेत.

तोवर शेतकऱ्यांनी विक्रेत्याने आणलेल्या काचेवर आपल्याच शेतातील माती आणि ओले फडके घेऊन पन्नास वेळा घासून मगच पाणी ओतायला सांगावे, आणि पॅनेल पहाटे, काच थंड असताना, मऊ कापडाने व शक्यतो साठविलेल्या पावसाच्या पाण्याने पुसावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अंबड, जि. जालना