गाडी चालवणाऱ्या मधुमेहीने उपाशी निघू नये

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या सीमाभागात गणेशोत्सव मंडळे आणि महिला मंडळे मधुमेह तपासणीची शिबिरे मोठ्या आस्थेने भरवतात. तिथे साखर मोजली जाते, भात आणि गोड कमी करण्यास सांगितले जाते. मात्र ‘तुम्ही गाडी चालवता का?’ हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारला जावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

मधुमेह म्हणजे वाढलेली साखर, एवढेच आपल्या मनात पक्के बसले आहे. गाडी चालवणाऱ्याला तत्काळ धोका असतो तो उतरलेल्या साखरेचा. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. केवळ मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना तो फार कमी. आपल्याकडे सकाळी नेहमीप्रमाणे औषध घेऊन, ‘अंबाबाईचे दर्शन झाल्यावरच जेवू’ असे ठरवून माणसे बेळगावहून कोल्हापूरला निघतात, आणि त्यात संकष्टी किंवा एकादशी असली तर पोटात चहाखेरीज काही नसते. औषध आपल्या वेळेवर काम सुरू करते, जेवण मात्र निपाणीच्याही पुढे ढकलले जाते. साखर 70 मिलीग्रॅमच्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, नजर अंधुक होते आणि, सर्वांत घातक म्हणजे, आपल्याला काही होत आहे हे ओळखण्याची बुद्धीच मंदावते. मधुमेह जुना असलेल्या किंवा रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या काहींना तर ही पूर्वसूचनाही नीट मिळत नाही. उपवासाच्या दिवशी प्रवास असेल, तर गोळी किती आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारलेच पाहिजे. देवाला उपवास पोचेल, पण त्यासाठी मागच्या सीटवरची मुले धोक्यात घालणे मला मान्य नाही.

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी असलेले नियम आपणही पाळावेत, इतके सोपे आहेत. निघण्यापूर्वी आणि नंतर दर दोन तासांनी साखर मोजावी, ती 90 च्या आसपास किंवा खाली असल्यास काही खाऊनच निघावे. वाटेत साखर उतरल्याचे जाणवले, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे, साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि साखर पूर्ववत झाल्यावरही 45 मिनिटे गाडी चालवू नये, कारण मेंदू सावरायला वेळ लागतो. आपल्या गाडीत कुंद्याचा किंवा करदंटाचा डबा हमखास असतो. परंतु दुधातुपामुळे त्यातील साखर रक्तात उशिरा उतरते, म्हणून अशा वेळी तो उपयोगाचा नाही. चोर्ला, आंबोली किंवा अनमोड घाटात दूरवर दुकान लागत नाही आणि मोबाइलची रेंजही जाते, त्यामुळे ग्लुकोजची पुडी डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावी.

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत इन्सुलिन आणि मोजणीच्या पट्ट्या दोन्ही खराब होतात. गाडीतून उतरताना ही दोन्ही सोबत घ्यावीत. इन्सुलिन बर्फाला चिकटवूनही ठेवू नये, गोठले की ते वाया जाते.

साखर उतरलेला माणूस बरळतो, झोकांड्या खातो आणि पाहणाऱ्याला तो दारू प्यायला आहे असेच वाटते. म्हणून ‘मला मधुमेह आहे, मी हे औषध घेतो’ असे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड खिशात असावे. हुक्केरी किंवा सौंदत्तीच्या रस्त्यावर मदतीला धावणारा माणूस बहुधा कन्नड वाचणारा असेल. सोबतच्यांनीही लक्षात ठेवावे की शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, लगेच 108 ला फोन करायचा; ही सेवा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे आहे.

चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. तो देताना डॉक्टरांनी मधुमेहाच्या औषधांची चौकशी करून दोन मिनिटे याविषयी बोलावे, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मंडळांनी पुढच्या शिबिरात गाडी चालवणाऱ्या मधुमेहींसाठी वेगळे टेबल मांडावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, खानापूर