दुकानदाराच्या हातात एक कॅसेट दे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुपटाची संहिता वाचली. पायरसी करणाऱ्यांना एकेक करून संपवणारा व्हिडिओ लायब्ररीचा मालक आणि प्रत्येक खुनानंतर रजिस्टरात ‘परत आली’ अशी त्याची नोंद, ही कल्पना मला मनापासून आवडली. पण तुझा चोर फार सोपा आहे आणि मालक फारच निष्पाप. त्यामुळे पहिल्या दोन खुनांनंतर हसू येईनासं होतं.

या विषयात खून आधीपासूनच आहे. 1982 मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी अमेरिकी काँग्रेससमोर म्हणाले होते की, घरात एकट्या असलेल्या बाईला बोस्टनचा गळा दाबणारा खुनी जसा, तसा निर्मात्यांना हा व्हीसीआर, म्हणजे घरबसल्या कॅसेट लावणारं आणि टीव्हीवरचं रेकॉर्ड करणारं यंत्र. 1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरगुती रेकॉर्डिंगला मोकळीक दिली. दशक संपायच्या आत अमेरिकेत होम व्हिडिओची कमाई थिएटरच्या पुढे गेली! भाड्याने कॅसेट देणारा दुकानदारही तेव्हा स्टुडिओंच्या डोळ्यात सलत होता, कारण एकदा विकत घेतलेली कॅसेट तो कितीही वेळा भाड्याने देई आणि त्यातला पैसा त्यांच्याकडे जात नसे. तुझ्या मालकाला हे सगळं आठवत असणार. त्याच्या रागात ही जुनी सल येऊ दे.

त्याचा शत्रूही नीट उभा कर. व्हीएचएस कॅसेटची नक्कल, मग त्या नकलेची नक्कल, असं करत गेलं की चित्र फिकं पडायचं, आवाज खरखरायचा. चोरीला तेवढा तरी लगाम होता. 1999 मध्ये डीव्हीडीची नक्कल अडवणारं कुलूप फुटलं, 2001 मध्ये इंटरनेटवर मोठ्या फायली एकमेकांना पाठवण्याची बिटटोरंट ही पद्धत आली आणि हजारावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ निघू लागली. शिवाय पायरसी एकटी दोषी नव्हती. टपालाने घरपोच डिस्क आल्या, 2007 पासून नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग आलं. 2010 मध्ये दिवाळखोरीत गेलेली ब्लॉकबस्टर तर छोट्या दुकानांना गिळत मोठी झालेली साखळी होती. मालक चुकीच्या माणसांना मारतोय हे प्रेक्षकाला त्याच्याआधी कळलं पाहिजे.

आता माझं खरं मागणं. त्याच्या हातात एक कॅसेट दे. डीव्हीडीवर कधीच न आलेला सिनेमा, कंपनी बुडालेली, हक्क कुणाकडे आहेत कुणालाच माहीत नाही. टेपवरचा चुंबकीय थर झिजत चाललाय. वाचवायचा एकच मार्ग, नक्कल करणे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं 108 वं कलम ग्रंथालयांना आणि अभिलेखागारांना कालबाह्य माध्यमावरच्या कृतीच्या मोजक्या प्रती काढू देतं, पण त्यासाठी ती कृती आधी बाजारात शोधून पाहावी लागते. भाड्याने कॅसेट देणाऱ्या धंद्याला ती सवलत नाही. म्हणजे नक्कल करणाऱ्यांना मारत सुटलेला माणूस रात्री शटर ओढून दोन व्हीसीआर एकमेकांना जोडतोय. हा प्रसंग तुझ्या संहितेत नाही, आणि मला वाटतं तुझा सिनेमा हाच आहे.

हे कल्पनेतलं वाटू देऊ नकोस. न्यूयॉर्कचं ‘किम्स व्हिडिओ’ हे भाड्याने सिनेमे देणारं दुकान आवरताना त्याचा सुमारे 55,000 शीर्षकांचा संग्रह 2009 मध्ये सिसिलीतल्या सालेमी गावी गेला. लोकांना तो पाहता येईल असं ठरलं होतं, पण तो बहुतेक काळ बंदच पडून राहिला आणि 2022 मध्ये न्यूयॉर्कला परतला. असे संग्रह वेड लागल्यासारखी माणसं जमवतात. तुझा मालक त्यांच्यातला आहे, म्हणून मला तो विदूषक झालेला नको आहे. समोरच्याचा चेहरा पाहून कुठला सिनेमा द्यायचा हे त्याला कळतं. ते दाखव, निदान एकदा तरी. आणि मारण्याआधी मालक त्या चोर पोरालाही एक सिनेमा सुचवेल असं कर.

शेवटचा पोलिसांचा पाठलाग काढून टाक, तो दुसऱ्याच कुठल्या सिनेमातला आहे. नवा खर्डा झाला की आधी मला पाठव, चित्रीकरणाची तारीख नंतर ठरव.

तुझा,
बाबा