‘फुकट’ उपचारांच्या पावत्या माझ्याकडे आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील आरोग्यहमीवरील लेख वाचला. तो अभ्यासपूर्ण असेलही, त्याविषयी मत देण्याचा माझा अधिकार नाही. मात्र त्यात ‘फुकट’ हा शब्द अकरा वेळा आला आहे, आणि मोजण्याचा अधिकार भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे जमाखर्च सांभाळलेल्या माणसाला नक्कीच आहे. सरकारने सर्वांच्या उपचारांची हमी घेतली तर तिजोरी रिकामी होईल आणि लोकांना फुकटाची चटक लागेल, असा लेखाचा एकूण सूर आहे. चटक लागायची तर आधी काहीतरी फुकट मिळावे लागते, एवढे नम्रपणे कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

माझी थोरली मेहुणी दत्तवाडीत राहते, चार घरच्या पोळ्या करते, आणि तिच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे. मागच्या भाद्रपदात नळाला पाणी आले म्हणून ती घाईने उठली आणि मोरीत घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता कोणत्याही रंगाच्या शिधापत्रिकेला लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे कवच आहे, हे आपल्याच अंकात वाचलेले असल्यामुळे योजनेच्या यादीतील एका खासगी रुग्णालयात आम्ही निर्धास्तपणे गेलो. योजनेचा फलक तिथे होता, फक्त तो रबराच्या झाडाच्या कुंडीमागे होता. योजनेतील रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राची खुर्चीही होती, तिच्यावर कोणाचे तरी हेल्मेट ठेवलेले होते. काउंटरवरील मुलीने शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक घेतला, तो ऑनलाइन दिसत असल्याचे सांगितले आणि मग म्हणाली, ‘काका, योजनेचे बेड फुल आहेत, सोमवारी चौकशी करा.’ त्या दिवशी शनिवार होता. मी अनामत रक्कम भरायची तयारी दाखवताच दहा मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरचा चार नंबरचा बेड मिळाला. त्या खोलीत सहा खाटा होत्या आणि तीन रिकाम्या होत्या. मी त्या दोनदा मोजल्या.

योजनेसाठी भरलेला आणि अनामत भरणाऱ्यासाठी रिकामा असा बेड नोंदवहीत कसा दाखवतात, हे मी तिथल्या जमाखर्च विभागात जाऊन विचारले. तेथील गृहस्थ सभ्य होते. व्यवसायबंधू म्हणून त्यांनी मला बसायला सांगितले आणि हळू आवाजात खुलासा केला की योजनेचे दर परवडत नाहीत, जे मंजूर होते तेही कित्येक महिने येत नाही, आणि नर्सचे पगार मात्र सात तारखेच्या आत द्यावेच लागतात. मला त्यांचा राग आला नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल, पण ते खोटे बोलत आहेत असेही मला वाटले नाही. बिल १ लाख ३४ हजार झाले. ज्या घरांत मेहुणी पोळ्या करते, त्यांपैकी तीन घरांनी आगाऊ पगार दिला, बाकीचे माझ्या मुदतठेवीतून गेले. योजना रोकडविरहित असल्यामुळे एकदा भरलेल्या बिलाची प्रतिपूर्ती ती करत नाही. हेल्पलाइनवर तक्रार केली. आठव्या दिवशी ती निकाली काढल्याचा संदेश आला. कोणत्या बाजूने निकाली काढली, ते संदेशात नव्हते.

आता आपल्या लेखकांचा मुख्य प्रश्न: पैसा आणायचा कोठून? हा प्रश्न दुसऱ्या कोणत्या राज्यात विचारला असता तर मी गप्प बसलो असतो. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याने नुसती हमी दिली नव्हती. त्याआधीच, १९७५ मध्ये, व्यवसाय कर लावून तिच्यासाठी वेगळा पैसा उभा करायला सुरुवात केली होती, आणि त्या निधीत सरकारने स्वतःचाही तेवढाच वाटा घालायचा असे कायद्यातच लिहून ठेवले होते. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी द्यायचा तो कर माझ्या हाताने शेकडो कामगारांच्या पगारातून कापला गेला आहे, दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. त्यावरून कोणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर अकुशल मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला, पण व्यवसाय कराची कापणी काही थांबली नाही. राज्यात आरोग्य योजना चालवणाऱ्या संस्थेचे नावसुद्धा ‘राज्य आरोग्य हमी सोसायटी’ असे आहे. हमीचा शब्द रोजगार हमीतून घेतला, तर कायदा आणि वेगळा निधी या दोन गोष्टी घ्यायच्या का राहिल्या, याचे उत्तर लेखात असते तर ‘फुकट’ हा शब्द मी बावीस वेळाही सहन केला असता. त्या सभ्य गृहस्थांना पैसे वेळेवर पोहोचते, तर निदान त्यांची सबब तरी उरली नसती.

आणि लोक काहीच देत नाहीत, हे कोणी ठरवले? प्राप्तिकरावर २०१८ पासून ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. ईएसआयपोटी, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यापोटी, कामगाराच्या पगारातून माझ्या वेळी पावणेदोन टक्के जात, आता पाऊण टक्का जातो, आणि मालकाचे सव्वातीन. पण पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला की कामगार त्यातून बाहेर पडतो. आमच्या कारखान्यात लेथवरच्या एका कामगाराचा पगार तेव्हाच्या पंधरा हजारांच्या मर्यादेपलीकडे गेला म्हणून त्याने पेढे वाटले. सहा महिन्यांनी त्याच्या बायकोच्या डायलिसिससाठी कागद करायला तो माझ्या टेबलाशी आला, तेव्हा पगारवाढ परत घेता येईल का, असे त्याने मला विचारले. मी त्याला नियम वाचून दाखवला. आज ती मर्यादा २१ हजार आहे आणि २०१७ पासून तिथेच आहे. आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर २०२५ पर्यंत नेण्याचे वचनही त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होते. ते गाठले गेले नाही, यावर आपल्या लेखकांनी एक ओळ लिहायला हरकत नव्हती.

जाता जाता आपल्या आरोग्य पुरवणीविषयी. गेल्या वर्षभरात तिने हळदीच्या दुधाचे फायदे मला चार वेळा सांगितले, आणि त्याच पानांवर रुग्णालयांच्या रंगीत जाहिराती होत्या. पुणे शहरात योजनेत कोणती रुग्णालये आहेत आणि धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी राखलेल्या खाटांपैकी किती रिकाम्या आहेत, याचा एक चौकोन दर आठवड्याला छापला, तर दुधाला थोडी कमी जागा मिळेल, एवढेच. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. मी ते झेरॉक्सच्या दुकानातून काढून लॅमिनेट करून ठेवले आहे. सोमवार ते शुक्रवार या काळातच पडण्याची खबरदारी घेतो.

कृपया पत्राखाली माझे नाव छापू नये. मेहुणीला तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी त्याच काउंटरवर जावे लागते.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
कोथरूड, पुणे