आयर्न क्रॉसवाला मास्तर तुमच्या लेखात राहून गेला

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जर्मन पायदळातल्या पदकं मिळवलेल्या सैनिकांवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. कुणाला कुठला क्रॉस, कुठल्या लढाईत, सगळं नीट दिलंय, मेहनत दिसते. पण त्यात विल्म होझेनफेल्डचं नाव कुठंच नाही, आणि तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला बसलोय.

आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक त्यालाही मिळालेलं होतं, सेकंड क्लास. १८९५ चा जन्म, जर्मनीतल्या फुल्डाजवळच्या माकेन्त्सेल गावचा, कॅथलिक घरातला. पहिल्या महायुद्धात इन्फन्ट्रीत होता, १९१७ ला जबर जखमी झाला. घरी आल्यावर मास्तरकी. थालाऊ नावाच्या खेड्यात शाळा चालवायचा, पाच पोरं, बायको आनेमारी. मी स्वतः एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यामुळं या माणसाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सैनिकाआधी मास्तरच दिसला.

लोकांना तो माहिती आहे तो ‘द पियानिस्ट’ सिनेमातल्या एका सीनपुरता. पडक्या घरात लपलेला उपाशी ज्यू पियानोवादक, समोर जर्मन कॅप्टन, आणि तो म्हणतो वाजवून दाखव. हे वॉर्सामध्ये नोव्हेंबर १९४४ ला खरंच घडलं, वादक होते पोलिश रेडिओचे व्लादिस्लाव श्पिलमान (सिनेमात वाजतं ते वेगळं, खरं तर त्यांनी शोपँचं सी शार्प मायनर नॉक्टर्न वाजवलं होतं). त्यानंतर होझेनफेल्डने माळ्यावरची लपायची जागा आणखी नीट करून दिली, ब्रेड आणून दिला, थंडीत स्वतःचा मिलिटरी कोट दिला. श्पिलमाननी त्याचं नाव मुद्दाम विचारलं नाही, पकडलो गेलो आणि मारहाणीत तोंडातून निघालं तर काय म्हणून.

पण साहेब, एवढंच सांगितलं की तो एकदम देवमाणूस होऊन जातो आणि खरा माणूस मागे राहतो. हा १९३५ ला नाझी पार्टीचा मेंबर झालेला होता, त्याच्याही आधी एसएमध्ये, म्हणजे पार्टीच्या गणवेशातल्या निमलष्करी दलात. हिटलर देश वर काढेल असं त्यालाही वाटत होतं. ऑगस्ट १९३९ ला परत बोलावणं आलं, चाळिशी उलटलेली, म्हणून आघाडीवर न पाठवता पोलंडमध्ये मागच्या कामाला ठेवला. पाब्यानित्सेला पोलिश युद्धकैद्यांची छावणी त्याच्याकडे होती, आणि तिथंच तो हळूहळू बदलत गेलेला दिसतो. नियम सोडून कैद्यांना घरच्यांना भेटू द्यायचा, पोलिश शिकायला लागला, पोलिश लोकांच्या चर्चमध्ये जायला लागला. पुढं वॉर्सात स्पोर्ट्स ऑफिसर झाला तेव्हा मैदानावरच्या कामाला म्हणून खोट्या कागदांवर माणसं लपवली. त्यातला एक लेऑन वार्म, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारायला नेणाऱ्या रेल्वेगाडीतून उडी टाकून पळून आलेला ज्यू.

आणि हे सगळं चालू असताना तो डायरी लिहीत होता, वह्या मिलिटरीच्या टपालाने घरी पाठवत होता. कुणी एक वही उघडून वाचली असती तर संपलंच होतं सगळं. वॉर्साचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, जाळल्यानंतर, १९४३ च्या जूनमध्ये त्याने लिहिलंय की ज्यूंच्या या कत्तलीने आपण युद्ध हरलो, हा डाग आता कधी पुसला जाणार नाही. त्या युनिफॉर्ममध्ये राहून ‘आपण’ म्हणाला तो, ‘ते’ नाही म्हणाला. मला या एका शब्दाचं फार वाटतं.

१९४४ ला पोलिश लोकांनी जर्मनांविरुद्ध केलेल्या वॉर्सा उठावात त्याला पकडलेल्या लोकांची चौकशी करायचं काम दिलं होतं. हेही लपवू नये. घरी पत्रात लिहायचा की वाचवता येईल त्याला वाचवायचा प्रयत्न करतोय, पण रशियन लोकांना ते पटलं नाही. जानेवारी १९४५ ला वॉर्साच्या पश्चिमेला ब्लोन्येला रशियन फौजेच्या हाती सापडला, मग छावण्या, पक्षाघाताचे झटके, १९५० ला पंचवीस वर्षांची शिक्षा. बायकोला पाठवलेल्या पत्रात आपण वाचवलेल्या लोकांची नावं दिली होती, त्यांना शोध म्हणून. वार्म त्याच्या घरी जाऊन आला, श्पिलमाननी पोलंडमध्ये वरपर्यंत हातापाया पडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. १३ ऑगस्ट १९५२ ला स्टालिनग्राडला कैदेतच वारला, वय ५७.

श्पिलमान आणि नंतर त्यांचा मुलगा अनेक वर्षं याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक संस्थेच्या मागे लागले. संस्थेने वेळ घेतला कारण या ऑफिसरच्या हातून युद्धगुन्हा झाला नाही ना हे तपासायचं होतं, आणि मला ते बरोबरच वाटतं. २००७ ला पोलंडने मोठा नागरी सन्मान दिला, २००८ ला याद वाशेमने ‘राष्ट्रांमधला सदाचारी’ म्हणून, म्हणजे ज्यूंना वाचवणारा बिगरज्यू म्हणून, मान्यता दिली. म्हणजे मरून छप्पन्न वर्षांनी.

आम्ही कोल्हापूरकडचे. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ पाचएक हजार पोलिश लोक, जास्त करून बायका-पोरं, राहून गेले, त्यामुळं पोलंडचं काही छापून आलं की इकडं लोक वाचतात. मागच्या लेखात १९१७ चा क्रॉस मोजायचा राहिला तो राहू दे, पण १९३९ नंतरच्या पाच वर्षांवर पुढच्या पुरवणीत अर्धं पान द्याच, पार्टी मेंबरशिप आणि चौकशीच्या कामासकट. फोटो युनिफॉर्ममधला सगळीकडे सापडतो, शाळेतल्या पोरांबरोबरचा मिळाला तर तो छापा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. करवीर