स्टेअरिंगच्या शाफ्टला वेल्डिंग करू नका हो!

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मागच्या महिन्यात इंदूरहून सहकुटुंब ओंकारेश्वरला निघालो होतो, सिमरोलच्या पुढे भेरूघाटात प्रत्येक वळणावर स्टेअरिंगमधून कट्-कट् आवाज यायला लागला आणि तो हाताला सुद्धा जाणवत होता. तसा आवाज दोन महिन्यांपासून येतच होता, दोनदा चाकांची अलाइनमेंट करून घेतली, पैसे गेले आणि आवाज तिथेच. शेवटी एका गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं तर स्टेअरिंग कॉलमपासून (स्टेअरिंगच्या चाकाखालची दांडी) पुढची चाकं वळवणाऱ्या रॅकपर्यंत जो शाफ्ट जातो त्याचा खालचा क्रॉस, म्हणजे वळणारा जॉइंट, ढिला झालेला, आणि तो लगेच म्हणतो, "भिया, वेल्डिंग मार देते हैं, नया काहे को लेते हो."

माझ्या तर अंगावर काटाच आला. अहो, तो जॉइंट वळायलाच केलेला असतो, वेल्डिंगनं जाम केला तर स्टेअरिंग अडकेल नाहीतर टाका तुटेल, आणि टाका तुटला की हातात नुसतं चाक फिरत राहील, गाडी वळणारच नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत हा शाफ्ट एकात एक सरकणारा असतो, समोरून धडक बसली की आत दबायला हवा, म्हणून हातोडीनं ठोकून काढणं पण चूकच.

छावणीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी नवा शाफ्ट बसवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबले, कारण एअरबॅग आहे. चाकं सरळ केली, स्टेअरिंग सीटबेल्टनं बांधून टाकलं, कारण शाफ्ट निघाल्यावर ते मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगची गुंडाळलेली वायर, तुटते, मग हॉर्न पण जातो आणि एअरबॅग पण. जुन्या जॉइंटवर पांढऱ्या रंगानं खूण केली. आणि मुख्य गोष्ट म्हणजे बोल्ट. शाफ्टला एका बाजूला खाच असते, शाफ्ट पूर्ण आत गेला तरच बोल्ट त्या खाचेतून जातो, अर्धवट बसला तरी बोल्ट वरून घट्ट लागल्यासारखा वाटतो पण जॉइंट कधीही निसटू शकतो. मिस्त्रींनी टॉर्च मारून मला खाच दाखवली, नवा बोल्ट टाकला आणि टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच कसणाऱ्या पान्यानं, कसला. जुना क्रॉस माझ्या हातात दिला, आतल्या बारीक सुयांच्या बेअरिंगचा लाल गंजट भुगा झाला होता, वरचं रबराचं बूट, म्हणजे आवरण, फाटून पाणी गेलेलं.

आपल्या इंदूरात किती गाड्या अशा वेल्डिंगवर फिरत असतील देव जाणे. माझी विनंती एवढीच की गॅरेजवाल्यांनी स्टेअरिंगचं काम केलं की जुना पार्ट गिऱ्हाईकाला दाखवावा आणि नवा बोल्ट टाकला हे बिलावर लिहावं, आपण पण मागून घ्यावं. आपल्या पेपरात यावर एखाद्या जाणत्या मिस्त्रीची मुलाखत छापली तर फार बरं होईल.

आपला नेहमीचा वाचक,
रामबाग, इंदूर